पसंतीक्रमाने मतदान करताय? या चुका टाळा

नाशिक पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघाची निवडणूक आली की (यात आवडत्या उमेदवारासमोर १, त्यानंतरच्यासमोर २ असा क्रम लिहायचा असतो) चांगली शिकली-सवरलेली माणसं मत बाद करून येतात, खरंच वाईट वाटतं. टिकमार्क करायचा नाही, 'एक' असं अक्षरात लिहायचं नाही, सही तर अजिबात नाही. केंद्रावर मिळतं त्याच जांभळ्या स्केचपेनने १ आकडा लिहायचा आणि तोही एकाच नावासमोर. १ न लिहिता नुसता २ लिहिला तरी मत बादच.

दुसरं म्हणजे, २ दिला की आपल्या माणसाचं नुकसान होतं म्हणून पुढचे रकाने रिकामे सोडतात. अहो, तो शर्यतीत आहे तोवर तुमचा २ कुणी बघतच नाही, तो बाहेर पडला की मगच मत २ वाल्याकडे जातं आणि पुढे काही लिहिलंच नसेल तर तिथेच संपतं. १९६९ ला राष्ट्रपतीपदासाठी कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, होता ४,१८,१६९ आणि व्ही. व्ही. गिरींकडे पहिल्या पसंतीची ४,०१,५१५, पुढच्या पसंतीची मतं मिळून ४,२०,०७७ झाली तेव्हा कुठे निवडून आले.

आता सगळ्यात मोठी चूक, क्रम लावला म्हणजे बहुमताचा निकाल लागलाच असं धरून चालणं. समजा सोसायटीची ट्रिप ठरतेय, मतं २१. नऊ जणांचा क्रम सापुतारा, गंगापूर धरण, भंडारदरा. आठ जणांचा भंडारदरा, धरण, सापुतारा. चौघांचा धरण, सापुतारा, भंडारदरा. दर फेरीला सगळ्यात कमी मतांचा पर्याय काढून त्याची मतं पुढच्या पसंतीला देत गेलं की धरण पहिल्याच फेरीत आउट आणि सापुतारा १३-८ ने पास. पण धरण विरुद्ध सापुतारा एवढंच विचारलं असतं तर धरण १२-९ ने जिंकतं, भंडारदऱ्याला तर १३-८ ने हरवतं, म्हणजे बहुमताला जे चाललं असतं तेच आधी कटलं! अमेरिकेत बर्लिंग्टनच्या २००९ च्या महापौर निवडणुकीत असंच झालं, बॉब किस जिंकले पण समोरासमोर अँडी माँट्रोल भारी पडत होते.

म्हणून सोसायटीत, मंडळात त्याच चिठ्ठ्यांवरून प्रत्येक जोडी मोजा, सगळ्यांना हरवेल तो विजेता, ही १८ व्या शतकातल्या काँदोर्से या फ्रेंच गणितज्ञाची पद्धत. कधीकधी अ ब ला, ब क ला आणि क परत अ ला हरवतो, तेव्हा काय करायचं ते चिठ्ठ्या वाटायच्या आधीच ठरवून नोटीस बोर्डावर लावा, नंतर ठरवायला बसलात तर भांडणं होणारच.