आधी वल्हेकरी, मग गॅली: 1:50 प्रतिकृती बडोद्यात कशी बांधावी

भूमध्य समुद्रातल्या मध्ययुगीन युद्धगॅलीची, म्हणजे वल्ह्यांवर चालणाऱ्या लांब, अरुंद लढाऊ जहाजाची, प्रतिकृती करायला घेणारे बहुतेक जण नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, आणि शिडांपासून सुरुवात करतात. जहाज देखणं होतं, पण शेवटी वल्ही लावायची वेळ आली की 108 वल्ही कुठेच मावत नाहीत. खऱ्या गॅलीचं प्रत्येक माप वल्हेकऱ्याला लागणाऱ्या जागेतून निघालेलं होतं, म्हणून प्रतिकृतीतही सुरुवात त्याच्यापासूनच करावी.

मापं घ्यायची ती सिसिलीचा राजा, आंजूचा शार्ल पहिला, याच्या कारकिर्दीतल्या 1269 च्या सुमाराच्या बांधणीच्या नोंदींतून. त्या काळातल्या युद्धगॅलीची इतकी तपशीलवार नोंद क्वचितच सापडते. लांबी सुमारे 39.5 मीटर, मध्यभागी रुंदी सुमारे 4.6 मीटर, खोली जेमतेम 2.1 मीटर. एका बाकावर दोन माणसं, प्रत्येकाचं वेगळं वल्हं, दोन्ही बाजूंना 27-27 बाकं. 1:50 ला लांबी 790 मि.मी., रुंदी 92 मि.मी. आणि खोली 42 मि.मी. येते. दोन बाकांमधलं अंतर 24 मि.मी. धरावं, म्हणजे वल्हेकऱ्यांची पूर्ण रांग 648 मि.मी. लांब होते. नाळेला आणि पिछाडीला उरते ती एवढीशीच जागा, आणि तेवढीच असायला हवी.

लाकूड कापण्याआधी जाड पुठ्ठ्यातून जहाजाचा मधला आडवा छेद कापा आणि 33 मि.मी. उंचीचा पुठ्ठ्याचा माणूस करा. वल्ह्याची लांबी 137 मि.मी. धरा, मूळ वल्हं सुमारे 6.9 मीटरचं होतं. वल्हं ज्यावर टेकून फिरतं त्या टेकूच्या आत वल्ह्याचा साधारण एक तृतीयांश भाग आणि बाहेर दोन तृतीयांश हवा, म्हणजे आतल्या माणसाच्या वल्ह्याचे 46 मि.मी. आत येतात. 46 मि.मी. अर्ध्या रुंदीच्या जहाजात टेकू काठावरच ठेवला, तर वल्ह्याची मूठ थेट मध्यरेषेवर येते. मधल्या वाटेला आणि समोरच्या बाजूच्या माणसाला जागाच राहत नाही. म्हणून गॅलीला काठाबाहेर, दोन्ही बाजूंना, आधारांवर तोललेली एक लांब सरळ चौकट असे आणि टेकूच्या खुंट्या तिच्यावर असत. प्रतिकृतीत ती काठापासून 18 मि.मी. बाहेर घ्या. मग मूठ मध्यरेषेपासून 18 मि.मी. अंतरावर थांबते आणि 20 मि.मी. रुंदीची मधली वाट मोकळी राहते. वल्ह्याचा पाण्याकडचा उतार 15 अंशांच्या आसपास हवा. 25 अंशांच्या पुढे गेला तर चौकट फार उंच झाली आहे असं समजा.

बाकं काटकोनात बसवू नका. त्यांचं आतलं टोक पिछाडीकडे झुकलेलं असतं, म्हणून आतला माणूस बाहेरच्याच्या किंचित मागे बसतो आणि दोघांची वल्ही एकमेकांवर आपटत नाहीत. बाकं सरळ लावलेली प्रतिकृती जाणकाराला लांबूनच ओळखू येते.

आता सांगाडा. व्हेनिसच्या कारागिरांकडे आजच्यासारखे नकाशे नव्हते. मधल्या वाकाचा, म्हणजे जहाजाच्या बरगडीसारख्या आडव्या लाकडाचा, एकच साचा, त्यावर खुणा आणि एक अर्धवर्तुळ एवढ्यावर ते सगळे वाक काढत. ही रीत आजही कागदावर तितकीच चोख चालते. मधल्या वाकाच्या तळाची अर्धी रुंदी 30 मि.मी. आणि दोन्ही टोकांकडच्या शेवटच्या साच्याच्या वाकाची 18 मि.मी. ठेवायची असेल, तर एकूण घट 12 मि.मी. होते. 12 मि.मी. त्रिज्येचं अर्धवर्तुळ काढा. माथ्यापासून दोन्ही बाजूंच्या पाव चापांचे 8-8 समान भाग करा आणि समोरासमोरचे बिंदू पायाला समांतर रेषांनी जोडा. मधल्या उभ्या त्रिज्येवर माथ्यापासून मोजत गेलात की प्रत्येक वाकाची घट मिळते: 0.2, 0.9, 2.0, 3.5, 5.3, 7.4, 9.7 आणि 12 मि.मी. मध्याजवळ तळ जवळजवळ तेवढाच रुंद राहतो आणि टोकांकडे झपाट्याने निमुळता होतो. घट समान भागांत वाटली, तर जहाज दोन सरळ पाचरी जोडल्यासारखं दिसतं आणि फळ्या मधल्या वाकावर मोडतात. तळ टोकांकडे वर उचलायचा असतो. त्यासाठी 5 मि.मी. त्रिज्येचं दुसरं अर्धवर्तुळ घ्या, रीत तीच.

असे 17 वाक 36 मि.मी. अंतरावर 4 मि.मी. प्लायमधून कापा. त्यांच्यापलीकडच्या टोकांचे वाक साच्याने काढू नयेत. एक लवचिक पट्टी वाकांवरून नाळेपर्यंत ओढा, ती जिथून जाईल तोच आकार घ्या. जुने कारागीरही टोकांना हेच करत.

900 मि.मी. लांबीच्या 18 मि.मी. प्लायवर मध्यरेषा आखून सगळा सांगाडा उलटा बांधा. फळ्या सागाच्या, 1 मि.मी. जाड आणि 5 मि.मी. रुंद, सुतारांच्या कारखान्यातल्या कापणीच्या तुकड्यांतून सहज निघतात. एका बाजूला 15 पट्ट्या लागतात आणि टोकांकडे त्या 3 मि.मी. पर्यंत निमुळत्या कराव्या लागतात. साग तेलकट असतो, म्हणून फेव्हिकॉल लावण्याच्या अगदी आधी तो पॉलिशपेपरने घासा. आदल्या दिवशी घासून ठेवलेला पृष्ठभाग धरत नाही. एक पट्टी डावीकडे, लगेच तिची जोडीदार उजवीकडे, हा क्रम कधीच मोडू नका. रुंदीच्या साडेआठपट लांब असलेलं हे जहाज एका बाजूच्या ताणाने केळ्यासारखं वाकतं आणि नंतर कोणत्याही उपायाने सरळ होत नाही.

ऋतूही पाहावा. बडोद्याच्या पावसाळ्यात लावलेल्या फळ्या हवेतला ओलावा पिऊन फुगलेल्या असतात. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात त्या आक्रसतात आणि सांधे उघडतात. फळ्यांचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकावं. शिवाय याच दिवसांत उत्तरायणामुळे बाजारात पतंगांच्या बांबूच्या कामट्या मिळतात, आणि वल्ह्यांसाठी त्यांच्याइतकं चांगलं काही नाही. सरळ धाग्याच्या, 1.5 मि.मी. जाडीच्या कामट्या निवडा. 108 साठी 125 कापा, कारण पातं चपटं करताना काही चिरतातच. दोरखंडांना पतंगाचा साधा सुती दोरा मेण लावून वापरा. मांजा मात्र नको; काच चढवलेला दोरा खुंट्या कापतो आणि बोटंही.

नाळेच्या पुढे आलेली लांब चोच पाण्याच्या वर ठेवा. प्राचीन ग्रीक-रोमन जहाजांचं धडक देणारं ब्राँझचं टोक पाण्याच्या पातळीवर असे आणि शत्रूचं जहाज फोडत असे. मध्ययुगीन चोच शत्रूच्या वल्ह्यांवर आणि काठावर चढून सैनिकांना पलीकडे उतरवण्यासाठी होती. नाळेवर तोफ आणि एकेका वल्ह्यावर चार-पाच माणसं हा सोळाव्या शतकाचा, 1571 च्या लेपांतोच्या लढाईच्या काळाचा थाट आहे. 1269 च्या गॅलीवर तो चूक. सुकाणूही पिछाडीच्या मधोमध एक नसून दोन्ही कुशींना एकेक, मोठ्या वल्ह्यासारखं असतं.

डोलकाठ्या दोन, आणि पुढची मोठी. ती सुमारे 16 मीटरची, म्हणजे 320 मि.मी., आणि किंचित पुढे झुकलेली. मधली सुमारे 11 मीटरची, म्हणजे 220 मि.मी. पुढच्या शिडाची तिरकी काठी डोलकाठीहूनही लांब, सुमारे 27 मीटर, म्हणजे 540 मि.मी. भरते. ती एकसंध करू नका. दोन तुकडे एकमेकांवर चढवून दोऱ्याने आवळून बांधलेले असत आणि तो जोड दिसायला हवा. शीड त्रिकोणी, मलमलच्या पट्ट्या शिवून करा. पट्ट्या मागच्या मोकळ्या काठाला समांतर ठेवा. डोलकाठीला दोरांच्या शिड्या लावायचा मोह टाळा. जहाजाची दिशा बदलताना ही लांब काठी डोलकाठीच्या पुढून पलीकडे फिरवावी लागे, म्हणून बाजूचे दोर सैल करता येतील असे, कप्पीवर ताणलेले असत.

रंगासाठी संखेड्याच्या लाखकामाची चकाकी जवळच मिळते आणि सुंदरही असते, पण समुद्रावरच्या लाकडाला ती शोभत नाही. कच्च्या जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्या आणि दोन हातांच्या मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या. वल्ही सगळ्यात शेवटी, पिछाडीकडून पुढे अशी बसवत जा. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक नवं वल्हं आधीच्या मुठीत अडकतं. तेल लावताना खुंट्या कोऱ्या सोडा, नाहीतर तिथे फेव्हिकॉल धरणार नाही.