छोट्या मापाचे साय-फाय वॉरगेम: नियम ताडून कसे पाहावेत

टेबलावर खेळायच्या युद्धखेळाची ६ मिमीची फौज (सुमारे ६ मिमी उंच सैनिकांची मिनिएचर) एकदा रंगवली की ती कुठल्याही नियमांवर खेळता येते, त्यामुळे खरी निवड नियमांचीच असते. शस्त्रांचे तक्ते शेजारी ठेवून फारसं कळत नाही. आधी पाहायचं ते हे, की पाळी कधी बदलते आणि मार खाल्लेली तुकडी पुढे काय करू शकते.

एपिक आर्मगेडन या खेळात (२००३) एका तुकडीची चाल आणि गोळीबार झाला की पाळी समोरच्याकडे जाते. तुकडी हुकूम पाळते का ते एका फाशावर ठरतं. लागोपाठ आपलीच दुसरी तुकडी वापरायची असेल तर फाशाला -१, तिच्यावर ब्लास्ट मार्कर (मार बसल्याची खूण) असेल तर आणखी -१. २+ वर (फाशावर २ किंवा जास्त) हुकूम पाळणारी तुकडी अशी ८३ टक्क्यांवरून ५० वर येते. बॅटलटेक या महाकाय यंत्रांच्या खेळात इनिशिएटिव्ह (आधी कोण, याचा फासा) हरलेला आधी हलतो आणि गोळीबार सगळ्यांच्या चाली झाल्यावर होतो. नुकसान टप्प्याच्या शेवटी लागतं, म्हणून नष्ट होणारं यंत्रही आपली फैर झाडून जातं. फ्युचर वॉर कमांडरमध्ये एकच खेळाडू हुकूम देत राहतो. दोन फाशांची बेरीज कमांड मूल्याइतकी (हुकूम देणाऱ्याची क्षमता) किंवा कमी यावी लागते आणि त्याच तुकडीला पुन्हा हुकूम दिला की दर वेळी -१. मूल्य ९ असेल तर ८३, ७२, ५८ टक्के, म्हणजे सलग तीन हुकूम लागण्याची शक्यता जेमतेम ३५ टक्के. समोरच्याची पाळी तोवर येत नाही.

आता फासा. एकाच डी-६ वर (सहा बाजूंच्या फाशावर) प्रत्येक +१ सुमारे १७ टक्क्यांचा. दोन फाशांच्या बेरजेत तसं नसतं. बॅटलटेकमध्ये नेम लागायला दोन फाशांची बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त यावी लागते: गनरी (नेमबाजाचं कौशल्य) ४, चालत गोळीबार +१, मध्यम पल्ला +२, लक्ष्य ५ षट्कोनी घरं हललेलं +२, एकूण ९: २८ टक्के. मध्ये विरळ झाडी आली की १०, म्हणजे १७ टक्के. तीच झाडी ६ चे ७ करते तेव्हा ७२ चे ५८ होतात. म्हणून या खेळात आडोशाची किंमत पल्ल्यानुसार बदलते, आणि ‘+१ म्हणजे +१’ असं धरून तुलना केली की ती फसते.

एपिकचा खरा कस क्रॉसफायरमध्ये (शत्रूला आपल्या दोन तुकड्यांच्या मध्ये धरण्यात) लागतो, तिथे जरा थांबून हिशेब करा. सहा तोफा, ४+ वर मारा: सरासरी ३ नेम लागतात. समोर ४+ बचाव आणि फसल्यास तो फासा पुन्हा टाकायची मुभा असलेले रणगाडे असतील तर प्रत्येक नेमाला फक्त १/४ फुटतात, म्हणजे ०.७५ रणगाडा. आपली दुसरी तुकडी अशी उभी करा की मारणाऱ्यापासून तिच्यापर्यंतची ४५ सेमीच्या आतली सरळ रेषा शत्रूच्या तुकडीतून जाईल. बचाव ५+ होतो, १/४ चे ४/९ होतात, म्हणजे १.३३ रणगाडे. एकही तोफ न वाढवता नुकसान पावणेदोन पटीच्या पुढे जातं. शिवाय गोळीबार झाल्याचा एक ब्लास्ट मार्कर आणि दर फुटलेल्या गाडीचा एक. प्रत्येक मार्कर एक गाडी गप्प करतो, आणि मार्कर गाड्यांइतके झाले की तुकडी मोडते (खचून माघार घेते).

प्रत्यक्ष चाचणीसाठी तीच मिनिएचर आणि तोच भूभाग ठेवा. प्रत्येकी तीन-चार तुकड्या पुरेत. पॉइंट्स (फौजेची ताकद मोजणारे गुण) जुळवत बसू नका, दोन खेळांचे पॉइंट एकमेकांशी बोलत नाहीत. बाजू बदलून पुन्हा खेळा. पहिला डाव पुस्तक उघडण्यातच जातो, त्याची नोंद धरू नका. नंतरच्या डावांत वहीत लिहा: एक गाडी फुटायला किती फासे पडले, समोरचा किती मिनिटं नुसता बसला, तिसऱ्या फेरीअखेर किती तुकड्या हुकूम पाळत होत्या. टेबल लहान असेल तर ७५ सेमीची तोफ सगळंच झाकते आणि लांब चालींना अर्थ उरत नाही. इंचांऐवजी सेंटिमीटर धरायचे तर चाल आणि पल्ला दोन्ही बदला. मात्र ३० मिमीचे बेस (मिनिएचरखालचे तळ) मग एकमेकांत अडकतात, तेव्हा गाड्या कमी करा.

आवडलेला नियम दुसऱ्या खेळात घालताना तो कशावर उभा आहे ते तपासा. बॅटलटेकमध्ये एपिकसारखी आळीपाळीची पाळी घालण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. पण तिथे लक्ष्याचा बचाव त्याच फेरीत ते किती हललं यावर ठरतो. ज्याची पाळीच आली नाही त्याला शून्य मिळतं आणि चपळ, पातळ चिलखताची यंत्रं उभ्या जागी मरतात. मागच्या फेरीतली हालचाल फाशाने बेसशेजारी दाखवून पुढची चाल होईपर्यंत तीच लागू ठेवा.