मीटर कमी, वय जास्त: जुनी स्पोर्ट्स कार घरी दुरुस्त करताना या चुका टाळा

पंचवीस-तीस वर्षांची दोन सीटची गाडी आणि मीटरवर जेमतेम साठ हजार किलोमीटर. "फारशी फिरवलीच नाही हो," असं विकणारा कौतुकानं सांगतो आणि घेणारा हरखून जातो. मी मात्र अशा गाडीकडे जरा संशयानंच बघतो. रबर, ऑइल, वायरींचे जोड, रंग या सगळ्यांना किलोमीटरशी देणंघेणं कमी. ते उभ्याउभ्याच म्हातारे होतात. घरी काम करणाऱ्यांच्या बऱ्याच चुका इथेच सुरू होतात: मीटर बघून निर्णय घेतला जातो, तारीख कुणी बघत नाही.

टायमिंग बेल्टचंच बघा, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा. "एक लाख किलोमीटरला बदलायचा, अजून वेळ आहे," हे वाक्य तीस वर्षांच्या गाडीबद्दल ऐकलं की पोटात गोळा येतो. १९८९ साली आलेल्या पहिल्या पिढीच्या माझ्दा एमएक्स-५ मधलं १.६ लिटरचं इंजिन या बाबतीत दयाळू आहे. बेल्ट तुटला तर गाडी बंद पडते, पण व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटत नाहीत. पोर्श ९४४ इतकी उदार नाही. तिथे बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकलेच म्हणून समजा. त्यात बॅलन्स शाफ्टचा (इंजिनची थरथर कमी करणाऱ्या दांड्यांचा) दुसरा बेल्टही असतो, आणि त्याच्या चिंध्या टायमिंग बेल्टमध्ये अडकल्या तर तोही जातो. शेवटचा बेल्ट कधी बदलला याचा कागद नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरून चाला, आणि एवढं उघडलंच आहे तर बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि ऑइल सीलही बदलून टाका.

टायर हा तसाच फसवा प्रकार. नक्षी अगदी नव्यासारखी, पण रबर दगडासारखं. टायरच्या बाजूवर चार आकडे एकत्र सापडतील: २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालाच्या आधीचा. त्यावर एक किलोमीटरही जाऊ नका.

ब्रेक: सगळ्यात जास्त चुका इथेच

नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ताज्या डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. ओल शिरल्यावर त्याच दर्जाची अट १५५ अंशांवर येते. घाटात सलग ब्रेक दाबले की ते उकळतं, वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. म्हणून गाडी चालो वा न चालो, साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलायचं. नावांचा एक सापळाही आहे. डॉट ५.१ हे डॉट ४ च्याच जातीचं, पण डॉट ५ हे सिलिकॉनचं, पूर्ण वेगळं. मधला तो एक टिंब वाचायचा राहिला की चुकीची बाटली ओतली जाते.

ऑइल बदलताना मदतनिसाला आपण सांगतो, "दाब, पूर्ण खाली दाब." जुन्या गाडीत हीच चूक. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या नळकांड्याचा) पिस्टन थोडाच पुढे जातो. पुढचा भाग वर्षानुवर्षं कोरा राहतो आणि तिथे गंज किंवा मळ साचतो. पेडल तळाला टेकवलं की आतली सीलं त्या खरखरीत भागावरून घासतात आणि फाटतात. काल चांगलं असलेलं पेडल ऑइल बदलल्यावर आज खाली जाऊ लागतं, आणि आपण आत हवा राहिली म्हणून आणखी पंप मारत बसतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, काम भागतं.

एखादं चाक ब्रेक सोडल्यावरही धरून राहत असेल तर लगेच नवा कॅलिपर (चाकाजवळ ब्रेक पॅड दाबणारा भाग) मागवू नका. गाडी स्टँडवर घेऊन, चाक धरलेलं असताना कॅलिपरचा ब्लीड निपल (ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) सैल करा. तरीही चाक मोकळं झालं नाही तर पिस्टन किंवा सरकत्या पिना अडकल्या आहेत. मोकळं झालं तर दाब आत कोंडला होता. मग पुन्हा ब्रेक दाबून सोडा आणि या वेळी रबरी होजच्या अलीकडचा, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या बाजूचा, लोखंडी पाइपाचा जोड सैल करा. त्यानं फरक पडला नाही पण निपल उघडल्यावर पडतो, तर होज आतून फुगून बंद झाला आहे. बाहेरून तो अगदी ठणठणीत दिसतो. प्रत्येक वेळी गळणारं ऑइल चिंध्यांत धरा. रंगावर थेंब पडला तर पुसत बसू नका, आधी भरपूर पाणी ओता.

वीज: आधी मोजा, मग बदला

माझ्या स्वतःच्या गाडीत रात्री दिवे मिणमिणायचे. मी बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बदलला. दिवे तसेच. मग बॅटरी. तरीही तसेच. शेवटी इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी काढली तर तिच्या टोकाखाली हिरवट थर. पॉलिश पेपरनं दहा मिनिटांचं काम होतं आणि मी दोन वस्तू विकत घेऊन बसलो होतो.

मल्टिमीटर असेल तर इतकी फजिती होत नाही. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. चालू केल्यावर १३.८ ते १४.५ च्या आसपास यायला हवं. तेवढं येत असेल तर अल्टरनेटरला हात लावू नका.

नट-बोल्टबद्दल दोनच गोष्टी. इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये स्पार्क प्लग गरम इंजिनवर काढू-बसवू नका आणि सुरुवातीचे आटे हातानंच फिरवा. आटे गेले की प्लगच्या कामाचं हेडचं काम होतं. दुसरं, सस्पेन्शनचे रबरी बुश (जोडांमध्ये बसणारे रबराचे तुकडे) बदलताना गाडी हवेत, चाकं लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळू नका. रबर त्याच स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चाकांवर वजन आल्यावरच शेवटचं आवळा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका, यावर आणखी काय लिहू.

चमकवण्याच्या नादात

जुन्या रंगाची जाडी मर्यादित असते आणि आधीच्या मालकांनी किती वेळा पॉलिश मारलं हे कुणी सांगत नाही. पांढऱ्या कापडावर थोडं पॉलिश घेऊन आडोशाच्या जागी घासा. कापडावर गाडीचा रंग उतरला तर वर क्लिअर कोट (पारदर्शक थर) नाही, थेट रंगच घासला जातोय. कडा आणि बॉडीच्या घड्या इथे रंग सगळ्यात पातळ असतो, त्यामुळे मशीन लावण्याआधी तिथे टेप मारा. सुरुवात मऊ पॅड आणि सौम्य पॉलिशनं करा. भांड्यांच्या साबणानं धुणं टाळा, तो मेण उतरवतो.

कापडी छताच्या गाडीत धुण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे छताच्या मागच्या कोपऱ्यांतली पाणी जायची भोकं. पहिल्या एमएक्स-५ मध्ये ती पानांच्या कचऱ्यानं तुंबली की पाणी दाराखालच्या पोकळ पट्ट्यांत उतरतं आणि गंज आतून खातो. लोखंडी तार घालू नका, आतली नळी फाटते. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी चालते. मग हळूहळू पाणी ओता आणि ते गाडीखाली टपकतंय का ते वाकून बघा.

गाडी काही महिने उभी राहणार असेल तर आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालवायची सवय सोडा. त्यात ऑइल आणि सायलेन्सर पुरते तापत नाहीत, झालेलं पाणी आतच राहतं. अर्धा तास नीट फिरवा, नाहीतर बॅटरीला मेंटेनर (चार्ज टिकवून धरणारा चार्जर) लावून हात लावू नका. हँडब्रेक मात्र ओढून ठेवू नका, पॅड चिकटतात. गिअर टाका आणि चाकांना लाकडाची अडण द्या.