बायॉप्सीची जागा पुन्हा सापडत नाही? या चुका टाळा

आधीच्या एंडोस्कोपीत बायॉप्सीचा तुकडा घेतलेली जागा जुन्या फोटोंवरून आजच्या चित्रात बाणानं दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, त्यालाच आम्ही सिस्टिम म्हणतो. ‘सिस्टिम भलतीच जागा दाखवते’ अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी सिस्टिमकडे वळतच नाही. आधी पहिल्या एंडोस्कोपीचे फोटो मागतो. बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

सगळ्यात जास्त चीड आणणारी चूक म्हणजे बायॉप्सी घेऊन झाल्यावर फोटो काढणं. बॅरेट्सची, म्हणजे अन्ननलिकेच्या खालच्या भागाचं अस्तर बदलतं त्या आजाराची, एक केस माझ्या डोक्यात अजून रुतून बसली आहे. अन्ननलिकेत एक जरासा उंचवटा दिसला होता, त्याचा तुकडा वेगळ्या बाटलीत पाठवला होता, इथवर सगळं शिस्तीत. रिपोर्टमध्ये हाय-ग्रेड डिस्प्लेसिया निघाला, म्हणजे कॅन्सरच्या आधीची पायरी. पेशंट परत आला तोवर जखम भरून आली होती, उंचवटाही दिसेना. फाइल उघडली तर त्या जागेचा एकच फोटो, तोही फोर्सेप्स (तुकडा घेण्याचा चिमटा) बाहेर काढल्यावरचा आणि अर्धा रक्तानं भरलेला. सॉफ्टवेअरनं इमानेइतबारे बाण दाखवला, पण स्कोप (एंडोस्कोपीची दुर्बीण) जरा हलवला की बाणही पळायचा. जुन्या-नव्या चित्रांत त्यानं जुळवलेले बिंदू उघडून बघितले तर निम्मे चकाकीवर बसलेले, काही रक्ताच्या ओघळाच्या कडेवर. ओल्या अस्तरावरची चकाकी म्हणजे आपल्याच दिव्याचं प्रतिबिंब. स्कोप सरकला की तीही सरकते. तिच्या आधारानं जागा शोधणं म्हणजे स्वतःच्या सावलीला पत्ता विचारणं. शेवटी त्या पातळीवर चहूबाजूंनी पुन्हा नमुने घ्यावे लागले, आणि पेशंटला त्याचं कारण सांगताना माझी जीभ जड झाली.

तेव्हापासूनची माझी सवय सांगतो. आधी पाण्यानं धुवायचं, फेस असेल तर तो मोडणारं सिमेथिकोन, साठलेलं सगळं ओढून घ्यायचं. मग लांबून एक फोटो, त्यात एखादी ओळखीची खूण आलीच पाहिजे: जठराच्या वळ्यांचं वरचं टोक, रक्तवाहिनीचा फाटा, काहीही. मग जवळून एक, बाजूनं एक. त्यानंतर उघडा फोर्सेप्स अस्तराला टेकलेला असताना एक. हा शेवटचा फोटो नवशिके हटकून गाळतात, आणि नेमका तुकडा कुठून घेतला हे तोच एकटा सांगतो. या सगळ्याला मिनिटभरही लागत नाही. ‘लिस्ट मोठी आहे, सर’ हे कारण मी ऐकून घेत नाही.

‘बाजूनं एक’ यावर जरा थांबतो, कारण लोकांना तो माझा हट्ट वाटतो. जुन्या फोटोतला बिंदू आजच्या चित्रात भूमितीनं थेट बिंदू म्हणून उतरत नाही. तो किती खोल होता हे एका फोटोवरून कळत नाही, त्यामुळे आजच्या चित्रात त्याची एक रेषा मिळते, एपिपोलर रेषा. जागा त्या रेषेवर कुठेतरी असते. दुसऱ्या जुन्या फोटोची दुसरी रेषा तिला छेदते तिथे खरी जागा. आता दोन्ही फोटो एकाच ठिकाणाहून काढलेले असले तर रेषा जवळजवळ एकमेकींवर पडतात आणि जरा चूक झाली की छेद कुठच्या कुठे घसरतो. म्हणून मनगट वळवून चित्र नुसतं गोल फिरवू नका, स्कोपचं टोक जागेवरून सरकवा. एकाच जागेहून दहा फोटो काढलेले असले तरी ते मी एकच धरतो.

स्कोपवरच्या सेंटिमीटरच्या आकड्यावर भिस्त ठेवणं ही तिसरी खोड. मोठ्या आतड्यात स्कोप सरळ असेल तर सीकम (मोठ्या आतड्याचं सुरुवातीचं टोक) साधारण 70 ते 80 सेंटिमीटरला येतं; स्कोपला लूप (वेटोळं) पडली की तेच सीकम शंभराच्या पुढे. अन्ननलिकेत एकजण दातांपासून मोजतो, दुसरा माउथपीसच्या कडेपासून. हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) असेल तर अन्ननलिका आणि जठर यांच्या जोडाची जागा श्वासागणिक वरखाली होते. मी जोडापासूनचं अंतरही लिहितो.

चुंबकीय ट्रॅकिंग (चुंबकीय क्षेत्रावरून स्कोपच्या टोकाची जागा ओळखणं) वापरत असाल तर छातीवरचा संदर्भ सेन्सर सुटलेला नाही ना ते बघा, आणि ते क्षेत्र तयार करणाऱ्या फील्ड जनरेटरजवळ लोखंडी ट्रॉली आणू नका. स्कोप बदलला की कॅलिब्रेशन नव्यानं; या रुंद कोनाच्या लेन्स कडेला चित्र वाकवतात. जुना फोटो साध्या उजेडातला आणि आजचं चित्र एनबीआयमधलं (निवडक निळ्या-हिरव्या उजेडातलं), अशी जुळणी मागू नका.

आणि टॅटू. खूण हवी म्हणून शाई थेट संशयित जागेखाली सोडणारे महाभाग आहेत. तिथे फायब्रोसिस होतो, म्हणजे अस्तराखाली व्रणासारखी घट्ट ऊती तयार होते, आणि पुढे ईएमआर किंवा ईएसडी (स्कोपमधूनच ती जागा कापून काढण्याच्या पद्धती) करणारा तुमच्या नावानं बोटं मोडतो. मोठ्या आतड्यात किमान 3 सेंटिमीटर दूर, गुदद्वाराच्या बाजूला, आधी सलाइनचा फुगा करून मगच शाई. कुठल्या बाजूला सोडली ते रिपोर्टमध्ये लिहा.

दुसऱ्या खेपेला बाण दिसला म्हणून लगेच फोर्सेप्स घालू नका. मी आधी सिस्टिमला माझ्या ओळखीचा एखादा रक्तवाहिनीचा फाटा दाखवायला लावतो. तिथे बाण उघड्या फोर्सेप्सच्या रुंदीहून जास्त हुकला तर सिस्टिम बंद करतो, जुने फोटो शेजारच्या स्क्रीनवर लावतो आणि डोळ्यांनी शोधतो.