दगडी चर्चमध्ये शब्द ऐकू यावा म्हणून: माईक, स्पीकर, पडदा आणि यूट्यूब

'मागच्या बाकांवर ऐकू येत नाही' अशी तक्रार पंचकमिटीपुढे आली की पहिला ठराव मोठा अॅम्प्लिफायर घेण्याचा होतो. अॅम्प्लिफायर येतो, मागे आवाज दणदणीत पोचतो आणि शब्द पूर्वीपेक्षाही कमी कळतात. मिशनच्या काळात बांधलेल्या, दगडी भिंतींच्या, फरशीच्या आणि उंच उतरत्या छपराच्या चर्चमध्ये आवाज मुळात कमी नसतो, तो घुमत असतो. घुमणाऱ्या जागेत आवाज वाढवला की घुमणंही तेवढंच वाढतं. त्यामुळे खर्चाला हात घालण्याआधी जागा मोजा.

चर्च रिकामं असताना वेदीजवळ उभं राहून एकदाच कडक टाळी वाजवा. फोन मागच्या बाकावर ठेवून ती रेकॉर्ड करा आणि टाळीची शेपटी किती सेकंद चालते ते बघा. समजा चर्च 24 मीटर लांब, 10 मीटर रुंद आणि सरासरी 9 मीटर उंच आहे, म्हणजे 2,160 घनमीटर. अशा जागेत चार सेकंदांची शेपटी सहज मिळते. उपदेश नीट कळायला ती दीड सेकंदाच्या आत हवी. मंडळीच्या गाण्याला दोन सेकंद चालतात, उलट गाणं थोडं घुमलं तर बरंच वाटतं.

हिशोब साधा आहे: शेपटीचे सेकंद म्हणजे 0.161 गुणिले घनफळ, भागिले जागेचं एकूण शोषण, म्हणजे आवाज पूर्ण गिळणारं क्षेत्रफळ. चार सेकंद येतात याचा अर्थ अख्ख्या वास्तूत मिळून जेमतेम 87 चौरस मीटर शोषण आहे. बसलेला माणूस साधारण 0.45 चौरस मीटर आवाज गिळतो. 150 माणसं आली की शेपटी सव्वादोन सेकंदांवर येते. भर पावसात 40 जण आले तर सव्वातीनच्या खाली उतरत नाही. शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये 'एकदम बरोबर' लावलेला आवाज रविवारी वेगळा का वाटतो, त्याचं कारण हेच. हे सूत्र ज्याचं, त्या वॅलेस सॅबाइनने 1895 मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून, कमीजास्त करून मोजमाप सुरू केलं होतं. तोच उपाय आजही सगळ्यात स्वस्त आहे: बाकांवर कापडी गाद्या. रेक्झिनच्या नकोत, रेक्झिन आवाज परत फेकतं. गाद्यांमुळे रिकामं आणि भरलेलं चर्च यांतला फरकही कमी होतो.

दुसरा उपाय मागच्या भिंतीवर, कारण वेदीकडून गेलेला आवाज तिथूनच उलटा येतो. जाड कापडाचा पडदा, भिंतीच्या रुंदीच्या दुप्पट कापड घेऊन चुण्या पाडलेला, भिंतीपासून 10 सेंटीमीटर सोडून टांगा. थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे कुणी सुचवले तर नम्रपणे नाही म्हणा. दोन्हींनी घुमणं जवळपास तेवढंच राहतं आणि थर्माकोल मेणबत्तीच्या आसपास धोक्याचा.

आता स्पीकर. वरच्या चर्चमध्ये सगळीकडे आवाज पसरवणारा स्पीकर लावला तर त्याच्यापासून जेमतेम 1.3 मीटरवरच सरळ आवाज आणि घुमणारा आवाज सारखे होतात. त्यापुढे भिंतींचाच आवाज जास्त. चांगला कॉलम स्पीकर आवाज आडवा पसरवतो, वरखाली फारसा जाऊ देत नाही. त्याच्या बाबतीत हे अंतर चार मीटरच्या आसपास जातं. म्हणून दोन मोठे डबे वेदीशी ठेवण्यापेक्षा खांबांवर चार सडपातळ कॉलम बरे. खालची कड जमिनीपासून दोन मीटरवर, तोंड किंचित खाली, माणसांच्या डोक्यांकडे. छपराकडे गेलेला प्रत्येक वॅट घुमण्यातच जमा होतो.

पहिली जोडी पुलपिटच्या, म्हणजे संदेश देण्याच्या व्यासपीठाच्या पुढे लावा, मागे नव्हे. मागे लावली तर माईक स्पीकरच्या तोंडासमोर येतो आणि शिट्टी मारतो. दुसरी जोडी 12 मीटर मागे. इथे बहुतेक ठिकाणी एक गोष्ट राहून जाते. आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर जातो, म्हणजे पुढच्या स्पीकरचा शब्द 12 मीटरवर 35 मिलिसेकंद उशिरा पोचतो. मागचे स्पीकर मात्र तो शब्द ताबडतोब बोलून मोकळे झालेले असतात. मागच्या बाकांवर प्रत्येक शब्द दोनदा येतो, आणि लोक 'इको मारतोय' म्हणत मिक्सरवरचं इकोचं बटण शोधत बसतात. मागच्या जोडीला 35 अधिक 10 ते 15, म्हणजे 45 ते 50 मिलिसेकंदांचा डिले द्या. वरचे दहा-पंधरा मिलिसेकंद अशासाठी, की पुढचा आवाज आधी कानावर पडला की माणसाला सगळंच पुढून येतंय असं वाटतं. डिजिटल मिक्सरच्या आउटपुटवर ही सोय असते. जुना अॅनालॉग मिक्सर असेल तर वेगळा स्पीकर प्रोसेसर लागेल. तोही जमत नसेल तर मागची जोडी लावूच नका.

माईकचा नियम एकच: अंतर. तोंडापासून अंतर दुप्पट झालं की मिळणारा आवाज 6 डेसिबलने उतरतो, घुमणं मात्र आहे तेवढंच राहतं. पुलपिटचा गूजनेक, म्हणजे वाकवता येणाऱ्या दांड्याचा माईक, 15 ते 20 सेंटीमीटरवर हवा. त्याला मिक्सरवरून 48 व्होल्टचा फँटम, म्हणजे माईकच्या केबलमधूनच जाणारा वीजपुरवठा, लागतो. नवा गूजनेक 'बंद पडला' म्हणून परत पाठवण्याआधी ते बटण दाबलंय का बघा. पाळक पुलपिट सोडून फिरत बोलत असतील तर कॉलर माईक हनुवटीखाली एक वीत, मधोमध. झग्याच्या पट्ट्याखाली गेला की खरखर येते.

हातातल्या माईकचं दुखणं वेगळं. शास्त्रवाचनाला आलेला तरुण सवयीने माईकची जाळीच मुठीत धरतो. त्या जाळीच्या मागच्या अंगाला असलेल्या फटींमुळेच माईकला मागचा आवाज टाळता येतो. मूठ आवळली की फटी बंद होतात, माईक सगळीकडचं ऐकायला लागतो आणि शिट्टी सुरू होते. मग तो दचकून माईक लांब नेतो, मिक्सरवाला आवाज वाढवतो आणि शिट्टी आणखी चढते. जाळीच्या खाली, दांड्यावर हात. माईक ओठांपासून चार बोटं. वाचणाऱ्यांना हे उपासनेआधी एकदा दाखवलं तर उपासनेत धावपळ होत नाही.

चालू माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधीची उसंत 3 डेसिबलने घटते. गायकवृंदाचे चार माईक संदेशाच्या वेळी उघडे ठेवणं म्हणजे स्वतःच्या हाताने अर्धी ताकद घालवणं. गाणं संपलं की बंद करा. पेटीला माईक वरून, 25 ते 30 सेंटीमीटरवर, भात्यापासून दूर. नाहीतर सुरांपेक्षा हवेचा फुस्सकारा जास्त येतो. तबल्याला दोन्हींच्या मधोमध एक पुरतो, आणि लहान चर्चमध्ये तबल्याला सभागृहात माईक लागतच नाही. प्रक्षेपणाला लागतो, ते पुढे येतं.

मिक्सरवर क्रम असा: फेडर, म्हणजे चॅनेलची सरकपट्टी, 0 डेसिबलच्या खुणेवर (तळाला नव्हे), मग बोलणाऱ्याला संदेशात बोलतो तसं बोलायला लावून गेन वाढवायचा. डिजिटल मिक्सरवर मीटर उणे 18 च्या आसपास नाचला की थांबा. 'हॅलो, माईक टेस्टिंग' कुणीच संदेशाच्या आवाजात म्हणत नाही, म्हणून एखादं वचन मोठ्याने वाचायला लावा. बोलण्याच्या प्रत्येक चॅनेलवर 100 ते 120 हर्ट्‌झखालचा भाग कापा. आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला तर 250 ते 400 हर्ट्‌झमध्ये 3-4 डेसिबल कमी करा. कर्कश शिट्टी बहुधा 2 ते 4 किलोहर्ट्‌झमध्ये सापडते. सुरू करताना अॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी. उलट केलं तर 'धप्प' होतं आणि एक दिवस स्पीकरच जातो.

सतत घूंऽ आवाज येत असेल तर कीबोर्ड किंवा लॅपटॉप वेगळ्या सॉकेटवर आहे का ते बघा. दोन ठिकाणच्या अर्थिंगमुळे केबलमधून 50 हर्ट्‌झ शिरतं. सगळी साउंडची उपकरणं एकाच लाइनवर घ्या, कीबोर्ड आणि मिक्सर यांच्यामध्ये डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल माईकसारखा करून देणारी डबी) लावा आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्ट, म्हणजे सिग्नल केबलचं अर्थिंग तोडणारं बटण, दाबा. प्लगची अर्थिंगची पिन मोडणारा कारागीर कितीही ओळखीचा असला तरी त्याला थांबवा. त्या माईकला ओठ लावून कुणीतरी गाणार असतं.

गीतांचा पडदा

सकाळच्या उपासनेला खिडक्यांतून उजेड येतो, त्यात स्वस्त प्रोजेक्टर फिका पडतो. आठ फुटी पडद्याला 4,000 लुमेनच्या (प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) खाली जाऊ नका. नाहीतर खांबांवर दोन टीव्ही लावा. फोटोत दिसायला बरे नसले तरी वाचता येतात. अक्षराची उंची शेवटच्या बाकाच्या अंतराच्या निदान दोनशेव्या भागाएवढी हवी: 24 मीटरला 12 सेंटीमीटर. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार, म्हणून ओळींमधलं अंतर दीडपट ठेवा. एका पडद्यावर चारच ओळी. ध्रुपद प्रत्येक कडव्यानंतर पुन्हा घाला, मागे जाऊन शोधायची वेळ येऊ देऊ नका.

खरी मेहनत मजकुराची. बऱ्याच मंडळ्यांकडे गीतं श्री-लिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पडून असतात. गीतं पडद्यावर दाखवणाऱ्या ओपनएलपीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती पेस्ट केली की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, पण त्यावर विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई, त्यामुळे जोडाक्षरावरची वेलांटी घसरते आणि नेमका 'ख्रिस्त' हाच शब्द मोडतो. दुसरी खोड 'ऱ्य'ची: 'तारणाऱ्या'चं 'तारणार्या' होतं. 'ख्रि', 'ऱ्य', 'ऱ्ह', 'ॲ' आणि अनुस्वार शोधून तपासा, मग पेटीवाल्याला बसवून प्रत्येक गीत एकदा गाऊन बघा. 'नोटो सान्स देवनागरी' किंवा 'मुक्त' हा फॉन्ट चालतो. शिरोरेघ बारीक असलेले नाजूक फॉन्ट मागून दिसत नाहीत. गीताचा क्रमांक कोपऱ्यात ठेवाच, पुस्तक उघडणारी आजी असतेच.

प्रक्षेपण

लोक अंधूक चित्र सहन करतात, न कळणारा आवाज नाही. म्हणून कॅमेऱ्याआधी आवाजाची वाट. मुख्य आउटपुटच प्रक्षेपणाला दिला तर घरी बसलेल्यांना फक्त पाळक ऐकू येतात; तबला, टाळ आणि मंडळी गायबच, कारण त्यांना सभागृहात माईक नसतो किंवा नावापुरता असतो. मिक्सरवरून एक वेगळा ऑक्स, म्हणजे स्वतंत्र मिश्रणाचा आउटपुट, काढा, पोस्ट-फेडर, म्हणजे माईक बंद केला की तिथेही बंद होतो. त्यात वाद्यं सभागृहापेक्षा जास्त द्या आणि मंडळीकडे तोंड केलेला एक माईक फक्त याच ऑक्सवर टाका. हा ऑक्स लॅपटॉपच्या हेडफोन-माईकच्या भोकात खुपसू नका: तिथे माईकपुरता क्षीण सिग्नल अपेक्षित असतो, मिक्सरचा आवाज फाटतो. यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या किंवा मिक्सरलाच यूएसबी असेल तर तो वापरा.

ओबीएस स्टुडिओ या प्रक्षेपणाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 720पी, सेकंदाला 25 फ्रेम, बिटरेट (सेकंदाला जाणारा डेटा) 3,000 किलोबिट, कीफ्रेम 2 सेकंद. 25 यासाठी, की आपली वीज 50 हर्ट्‌झची. शटर 1/50 ठेवला की दिव्यांच्या पट्ट्या चित्रात सरकत नाहीत. चित्र कॅप्चर होऊन यायला वेळ लागतो, ओठ आणि शब्द जुळत नाहीत. कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून रेकॉर्ड करा आणि आवाज हात जुळण्याआधी किती फ्रेम येतो ते मोजा. एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. चार फ्रेम असतील तर आवाजाला 160 मिलिसेकंदांचा सिंक ऑफसेट, म्हणजे तेवढा उशीर. कॅमेरा वेदीमागच्या खिडकीकडे रोखू नका, पाळकांची सावलीच दिसेल.

3,000 बिटरेटने दोन तासांत पावणेतीन जीबी डेटा जातो. फोनच्या हॉटस्पॉटवर रोजच्या 2 जीबीचा प्लॅन असेल तर तो प्रभुभोजनाच्या सुमारास दम तोडतो. अपलोडचा वेग बिटरेटच्या दुप्पट हवा आणि तो रविवारी त्याच वेळी मोजलेला हवा. मंडळीच्या खिशातले दीडशे फोन वायफायला चिकटलेले असतात, तेव्हा राउटर ते लॅपटॉप केबलच टाका. 2.4 गिगाहर्ट्‌झचे कॉर्डलेस माईकही याच गर्दीत तुटतात. राउटर, मिक्सर, लॅपटॉप तिघांना एक यूपीएस. वीज गेली तर सभागृहात आवाज चढवून भागतं, प्रक्षेपण मात्र तुटतं. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण पहिल्यांदा सुरू करायला 24 तासांपर्यंत लागू शकतात, आणि थेट मोबाइल अॅपवरून करायचं तर चॅनेलचे किमान 50 सबस्क्रायबर लागतात. नाताळच्या आदल्या रात्री चॅनेल उघडायला बसू नका.

गीतांच्या हक्कांची काळजी थोडक्यात: आपल्या कायद्यात कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. नारायण वामन टिळक 1919 मध्ये गेले, त्यांची भजनं खुली आहेत. पण कुणाच्या रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर गाल तर यूट्यूब तो ट्रॅक ओळखून दावा लावतं. पेटी-तबल्यावर गाल तर तो प्रश्न उरत नाही. प्रभुभोजनाच्या रांगेत आणि संडे स्कूलच्या मुलांवर कॅमेरा नेऊ नका. त्या वेळी वेदीवरचा स्थिर शॉट ठेवा.

आवारात मंडप घालून स्पीकर लावणार असाल तर लेखी परवानगी लागते. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर बंद. निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. सणासाठी वर्षातले ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. 24 डिसेंबर आपल्या जिल्ह्याच्या यादीत आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात नोव्हेंबरमध्येच विचारून घ्या. आणि पहाटेच्या ईस्टर उपासनेला बाहेरचा स्पीकर सहा वाजल्यानंतरच.