जेवणाच्या टेबलावरची शाळा दोन मिनिटांत आवरायची असेल तर

मुलं घरीच शिकत असतील आणि अभ्यासाला वेगळी खोली नसेल, तर पट्टी, खोडरबर, कालची वही शोधण्यातच सकाळ जाते. जेवायची वेळ झाली की तोच पसारा उचलायचा कुठे, हा प्रश्न. बरेच प्रकार करून पाहिले, टिकला तो हा एकच: 'उद्याची टोपली'.

१. प्रत्येक मुलाला उभ्या कडांची एक टोपली द्या. ए४ कागद न दुमडता मावेल एवढी (कागद २१ × २९.७ सेंमी असतो, म्हणून आतून किमान २३ × ३२ सेंमी).

२. रात्री तिच्यात फक्त उद्या लागणारी पुस्तकं-वह्या ठेवा, लागतील त्या क्रमाने, उभ्या. आडव्या रचल्या की खालची काढताना सगळा ढीग कोसळतो. बाकीचं कपाटात. टोपली मुलांनीच भरावी. पहिले काही दिवस सोबत बसावं लागतं, पण नंतर 'माझं पुस्तक कुठंय' हे जवळपास बंद होतं.

३. पेन्सिली, कात्री, डिंक सर्वांचं मिळून एकाच डब्यात. डबा टेबलाच्या मधोमध.

४. विषय संपला की वही टोपलीत मागच्या बाजूला. जेवायच्या वेळी टोपल्या आणि डबा उचलले की टेबल मोकळं.

घरात लहान बाळ असेल तर कंपास, कटर, छोटी लोहचुंबकं आणि बटण-सेल या डब्यात अजिबात ठेवू नका. चुंबकं आणि सेल गिळले गेले तर जिवावर बेततं. ते वरच्या कप्प्यात, कुलपात.