स्वयंसेवी नेटवर्क-गट चालवताय? या चुका टाळा

वेगवेगळ्या देशांतली नेटवर्क्स एकमेकांशी नीट जुळावीत म्हणून जे गट बनतात, त्यांत एक गोष्ट पहिल्या दिवशीच पचवावी लागते. इथे कुणालाही हुकूम सोडता येत नाही. पगार नसतो, त्यामुळे तो कापता येत नाही. बढती नसते, त्यामुळे ती रोखता येत नाही. आणि गटाने ठरवलेली गोष्ट एखाद्या नेटवर्क-चालकाने आपल्या राउटरवर केलीच नाही, तर त्याचं कुणी काही वाकडं करू शकत नाही. नोकरीत मोठमोठ्या टीम सांभाळलेली माणसं इथे तोंडघशी पडतात ती यामुळेच. खालच्या बहुतेक चुकांच्या मुळाशी हाच विसर आहे.

‘इंटरनेट सुरक्षित करू’ असा उद्देश लिहिणं

उद्देश जितका भव्य, तितका गट आरंभशूर. दोन खरी उदाहरणं शेजारी ठेवून बघा.

नोव्हेंबर २००८मध्ये कॉन्फिकर नावाचा वर्म, म्हणजे आपोआप फैलावणारा घातक प्रोग्राम, पसरला. तो रोज २५० नवी डोमेन नावं तयार करायचा आणि त्यांतल्या एखाद्या नावावर मालकाचा हुकूम आला आहे का, ते तपासायचा. संशोधक, कंपन्या आणि डोमेन नोंदणी चालवणाऱ्या संस्था एकत्र आल्या, तो कॉन्फिकर वर्किंग ग्रुप. त्यांनी ती नावं आधीच ताब्यात घ्यायला सुरुवात केली. मग १ एप्रिल २००९पासून वर्मची नवी आवृत्ती रोज ५०,००० नावं बनवू लागली, तीही शंभराहून अधिक देशांच्या आणि इतर टॉप-लेव्हल डोमेनांत (नावाच्या अखेरच्या भागांत) विखुरलेली. तरी गटाने देशोदेशीच्या नोंदणी संस्थांना सोबत घेऊन ते जमवलं. पुढे गटाने स्वतःच्या कामाचा आढावा घेतला. मालकाच्या हातात संसर्ग झालेल्या संगणकांची सूत्रं जाऊ दिली नाहीत, हे यश. ते संगणक साफ करणं मात्र जमलं नाही, ही कबुली. माझ्या मते फरक कामाच्या आकाराचा होता. नावं अडवण्याच्या कामाला रोजची यादी होती, रोजची सीमा होती. साफसफाईला तसं काहीच नव्हतं: यंत्र कुणाचं, साफ कोण करणार, झालं हे कोण म्हणणार?

आता डीएनएसचेंजर. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा. लोकांच्या संगणकांची डीएनएस सेटिंग गुपचूप बदलणारी टोळी नोव्हेंबर २०११मध्ये पकडली गेली. तिचे सर्व्हर एका फटक्यात बंद केले असते तर लाखो लोकांचं इंटरनेट बसलं असतं. म्हणून न्यायालयाच्या परवानगीने तात्पुरते चांगले सर्व्हर चालवण्यात आले आणि लोकांना सावध करायला स्वयंसेवी गट उभा राहिला. मुदत होती ८ मार्च २०१२. ती एकदा वाढून ९ जुलै झाली, आणि त्या दिवशी सर्व्हर खरंच बंद झाले. संपण्याची तारीख ठरलेली असली की सेवादात्यांना फोन करणाऱ्या माणसालाही काय सांगायचं ते कळतं.

इंटरनेटची मानकं बनवणारी आयईटीएफ म्हणूनच कार्यगटाला आधी सनद लिहायला लावते: काय करणार, कोणते मसुदे कधीपर्यंत देणार. सनद अर्ध्या पानाची असली तरी चालते. तिच्यातला सगळ्यात उपयोगी परिच्छेद ‘हे आम्ही करणार नाही’ हा असतो, आणि नेमका तोच बहुतेक जण गाळतात.

मतदान घेणं

पाचामुखी परमेश्वर म्हणतात, पण खुल्या गटात ते पाच कोण, हेच ठरलेलं नसतं. जानेवारी १९८६मध्ये आयईटीएफची पहिली बैठक झाली तेव्हा २१ माणसं होती. आज तिथे कुणीही येऊ शकतं आणि येणारा व्यक्ती म्हणून येतो, कंपनीचा प्रतिनिधी म्हणून नाही. सभासदांची यादीच नाही, तर मतदारयादी कुठून आणणार? उद्या एखाद्या कंपनीने पन्नास कर्मचारी खोलीत बसवले तर निकाल तिच्या खिशात.

म्हणून तिथे अध्यक्ष ‘हम्’ करायला सांगतात. लोक तोंड मिटून गुणगुणतात आणि अध्यक्ष आवाजाचा अंदाज घेतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो. १९९२मध्ये संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी या पद्धतीचं सार सांगितलं होतं: आम्हाला राजे, अध्यक्ष आणि मतदान नको, आमचा विश्वास ढोबळ सहमतीवर आणि चालणाऱ्या कोडवर. आयईटीएफच्या २०१४च्या आरएफसी ७२८२ या दस्तऐवजात ही ढोबळ सहमती नीट उलगडली आहे. शंभर बाजूने आणि पाच विरोधात असले तरी सहमती झालेली नसू शकते. उलट पाच बाजूने आणि शंभर विरोधात असूनही झालेली असू शकते.

हे ऐकायला विचित्र वाटतं, पण नेटवर्कच्या कामात अगदी सरळ आहे. नव्वद जणांना मसुदा पसंत आहे आणि एक चालक म्हणतो, ‘हा पर्याय पाठवला तर जुने राउटर कोलमडतील.’ डोकी मोजली तर तो नव्वद विरुद्ध एक हरतो, आणि राउटर तरीही कोलमडतात. त्याच्या म्हणण्याला उत्तर मिळालं का, एवढंच बघायचं. उलट पन्नास जण नुसतं ‘आम्हाला आवडत नाही’ म्हणत असतील आणि कारण एकही देत नसतील, तर काम पुढे जाऊ शकतं.

त्यामुळे अध्यक्षाने प्रश्न बदलायला हवा. ‘हे कुणाला पसंत आहे?’ असं विचारलं की हात वर होतात, माहिती मिळत नाही. ‘हे चालवून घेणं कुणाला अजिबात शक्य नाही, आणि का?’ असं विचारा. आलेली प्रत्येक हरकत मांडणाऱ्याला पटेल अशा शब्दांत लिहून काढा, तिच्याखाली उत्तर लिहा. उत्तर नसेल तर तसं लिहा. इथे वेळ जातो, पण तो इथेच जायला हवा, कारण हरकत दाबली गेलेला चालक पुढे भांडत बसत नाही. तो गुपचूप अंमलबजावणी करत नाही, इतकंच.

मौन म्हणजे संमती, हा दुसरा सापळा. गप्प बसलेल्या माणसाच्या घरी रात्रीचे तीन वाजलेले असू शकतात. बैठकीची भाषा त्याची नसू शकते. किंवा ज्याच्या प्रस्तावावर बोलायचं तो त्याच्या क्षेत्रातला नावाजलेला माणूस असू शकतो. खोलीत झालेला निर्णय म्हणूनच कच्चा समजायचा. तो लिहून सगळ्यांना पाठवायचा आणि किमान दोन आठवडे थांबायचं.

वेळ आणि तारीख गृहीत धरणं

थोडक्यात सांगतो. बैठकीची वेळ यूटीसीमध्ये (जगभर समान असलेल्या प्रमाण वेळेत) लिहा, आणि दर वेळी तीच ठेवू नका. रात्री जागण्याची पाळी फिरती हवी. काही देश वर्षातून दोनदा घड्याळं हलवतात, तीही एकाच दिवशी नाही, त्यामुळे मार्च आणि ऑक्टोबरमध्ये निम्मा गट तासभर उशिरा येतो. ०५/०६ असं लिहिलं तर कुणी पाच जून वाचेल, कुणी सहा मे. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा.

हक्कांचं कोडं शेवटासाठी ठेवणं

ई-मेल पाठवणारा खरा की खोटा, हे ओळखण्याचं मानक बनवायला २००४मध्ये आयईटीएफने मारिड हा गट काढला. गरज जळजळीत होती, माणसं हुशार होती. पण एका प्रस्तावावर पेटंटच्या अटी होत्या आणि त्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना मान्य होईनात. मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अपाचे फाउंडेशन आणि डेबियन यांनी नकार दिला. तांत्रिक मतभेद होतेच, त्यांत ही भर. सप्टेंबर २००४मध्ये गट बंद झाला. पुढे २००६मध्ये स्पर्धक प्रस्ताव वेगवेगळे, ‘प्रायोगिक’ शिक्क्यासह प्रसिद्ध झाले, आणि त्यांतल्या एसपीएफ या प्रस्तावाला मानकाच्या वाटेवर यायला २०१४ उजाडलं.

उपाय साधा आहे: पहिल्याच बैठकीत विचारा. तुमच्या किंवा तुमच्या मालकाच्या नावावर या विषयातलं पेटंट आहे का? लिहिलेला मजकूर कोणत्या परवान्याखाली? दिलेली माहिती कुणाला दाखवायची आणि कुणाला नाही? हे विचारताना वातावरण जरा अवघडतं. अवघडू द्या.

सगळ्या किल्ल्या एकाच खिशात

जगभरचे संगणक टाइम झोनचे नियम ज्या डेटाबेसमधून घेतात, तो कित्येक वर्षं आर्थर डेव्हिड ओल्सन आणि थोडे स्वयंसेवक सांभाळत होते. सप्टेंबर २०११च्या अखेरीस एका कंपनीने त्यांच्यावर कॉपीराइटचा खटला भरला आणि डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला. काही दिवसांतच, ऑक्टोबरच्या मध्यात, इंटरनेटवरच्या नावांची आणि आकड्यांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकान या संस्थेने ती जबाबदारी घेतली. हे इतक्या झटपट झालं, कारण ओल्सन निवृत्त होणार म्हणून हस्तांतराचा मसुदा आधीपासून लिहिला जात होता. खटल्यासाठी कुणी तयारी केली नव्हती. तयारी होती ती निवृत्तीची, पण कामाला आली. पुढे २०१२मध्ये खटला मागे घेण्यात आला.

डीएनएसच्या मूळ चावीची, म्हणजे डीएनएसची माहिती खरी असल्याची डिजिटल सही ज्या सर्वांत वरच्या चावीवर टेकते तिची, व्यवस्था यापुढे एक पाऊल आहे. चावीची दोन केंद्रं, प्रत्येक केंद्रासाठी वेगवेगळ्या देशांतले सात स्वयंसेवक प्रतिनिधी, आणि त्यांतले तिघे हजर असले की सह्या करण्याचा विधी होतो. फेब्रुवारी २०२०मध्ये तिजोरीचं कुलूपच बिघडलं. ते ड्रिलने फोडावं लागलं आणि विधी काही दिवस लांबला. एप्रिलमध्ये साथीमुळे प्रवास बंद झाला, तेव्हा एरवी तीन महिन्यांसाठी होणारं काम एकदम नऊ महिन्यांसाठी उरकलं गेलं. तुमच्या गटाला तिजोरी लागणार नाही. पण गटाच्या डोमेनचं नूतनीकरण कुणाच्या कार्डावर होतं, पासवर्ड किती जणांकडे आहे, आणि तो माणूस महिनाभर गायब झाला तर काय, एवढं तरी आज तपासा.

रोजचं काम स्वयंसेवकांच्या गळ्यात मारणं

१९८४मध्ये टॉम जेनिंग्ज यांनी सुरू केलेल्या फिडोनेट या हौशी नेटवर्कमध्ये संगणक रात्री मोडेमने एकमेकांना फोन करायचे. नंबरांची यादी सुरुवातीला ते स्वतःच हाताने ठेवत. एक नोड, म्हणजे यादीतला एक संगणक, कधीच लागेना म्हणून कुणीतरी तो नंबर साध्या फोनवरून लावला, तर समोर एक वृद्ध बाई! मध्यरात्री यंत्रांचे फोन घेऊन त्या वैतागल्या होत्या. यादीचं काम मग सेंट लुईसच्या मंडळींकडे गेलं.

यादी अद्ययावत ठेवणं, तक्रारी घेणं, नेटवर्कांना पत्त्यांचे आकडे वाटणं ही कामं हौसेवर चालत नाहीत. हौस मसुदा लिहायला पुरते. दर मंगळवारी तीच नोंद तपासायला नाही. १९८९मध्ये युरोपातल्या नेटवर्क चालकांनी राइप हा मंच सुरू केला, तेव्हा सगळं काम स्वयंसेवी होतं. १९९२मध्ये त्यांनी अ‍ॅम्स्टरडॅममध्ये पगारी माणसांचं राइप एनसीसी हे कार्यालय काढलं. धोरण ठरवणारे स्वयंसेवक, अंमल करणारे पगारी, ही विभागणी आजही टिकून आहे. पगार देणं जमत नसेल तर ते रोजचं काम हातात घेऊच नका.

तारीख गाठायचा हट्ट, किंवा एकट्याला पुढे ढकलणं

डीएनएसची मूळ चावी बदलण्याचा दिवस ११ ऑक्टोबर २०१७ ठरला होता. काही रिझॉल्व्हर (वापरकर्त्यांसाठी डीएनएसमध्ये नावं शोधणारे सर्व्हर) तयार नाहीत असं आकडेवारीत दिसलं, आणि महत्प्रयासाने जाहीर केलेली तारीख आयकानने पुढे ढकलली. काम बरोबर एका वर्षाने, ११ ऑक्टोबर २०१८ला झालं आणि फारसं कुणाला कळलंही नाही.

उलट अडचण असते ती मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याची. आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, एकट्या संकेतस्थळाने चालू केलं, तर सदोष जोडणीचे थोडे वापरकर्ते त्याच्याकडून निसटून प्रतिस्पर्ध्याकडे जाणार. म्हणून ८ जून २०११ला गूगल, फेसबुक, याहू अशा मोठ्यांनी ते २४ तासांसाठी एकत्र चालू केलं. तोटा झालाच तर सगळ्यांचा सारखा. वर्षभराने, ६ जून २०१२ला, ते कायमचं चालू ठेवण्याचा दिवस पाळला गेला. हुकूम चालत नसेल तिथे ही युक्ती मला सगळ्यात हुशार वाटते.

गट अडकलाच असेल तर

तीन महिने कुणी काही लिहिलं नाही? ‘काही सूचना?’ असं सगळ्यांना मिळून विचारू नका. एका माणसाला एका पानाचं काम, तारखेसकट, नाव घेऊन मागा; ‘नाही जमणार’ हे उत्तरही स्वीकारा.

दोघेच भांडताहेत आणि बाकीचे पळताहेत? दोघांना एकमेकांची बाजू लिहायला लावा. बऱ्याचदा ते शब्दाच्या अर्थावरून भांडत असतात. मागे ठरलेलं दर वेळी पुन्हा उकरलं जातंय? म्हणजे इतिवृत्तात निर्णय लिहिला, कारण लिहिलं नाही. कारण लिहा, आणि नवी माहिती आणल्याशिवाय तो विषय उघडू नका.

मसुदा झालाय, पण कुणीच वापरत नाही? तर दोन वेगळ्या लोकांनी तो एकमेकांना न विचारता राबवून पाहिलाय का, ते तपासा. अडकलेली वाक्यं तिथेच सापडतात.

आणि सनदेतलं काम झालं असेल, तर गट बंद करा. आयईटीएफमध्ये काम संपलेल्या गटांची यादी चालू गटांपेक्षा कितीतरी लांब आहे. बंद करताना कागदपत्रं कुठे राहतील, डोमेन कुणाकडे जाईल आणि दोन वर्षांनी चूक सापडली तर कुणाला कळवायचं, या तीन ओळी शेवटच्या इतिवृत्तात लिहून ठेवा.